मेलमध्ये ‘डाऊट’ लिहिताय? मग या चुका टाळा

डाऊट हा शब्द आता आपल्याकडं मराठीच झालाय. क्लासमधलं पोरगं हात वर करून म्हणतं, सर डाऊट आहे (शंका म्हटलं तर बाकीची लघुशंका समजून हसतात, म्हणून डाऊटच बरा). काट्यावर पोतं चढलं की शेतकरी आकडा दोनदा बघतो, म्हणजे तो डाऊट खातोय. आणि आभाळ बघून आई म्हणते, आज पापड वाळतील का डाऊटच आहे बाई. म्हणजे एक प्रश्न, एक संशय आणि एक खात्री नसणं. आपण तिन्हीला एकच शब्द वापरतो आणि आपलं काही अडत नाही, पण इंग्रजीतला डाऊट मुळात त्या पापडांसारखा, खात्री नसण्याचा आहे, तिथंच सगळा घोळ होतो.

मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळद बाहेर पाठवणाऱ्या एका ऑफिसात मेल लिहायचं काम करते. सुरुवातीच्या दिवसातली गोष्ट, कंटेनर बंदरावर अडकायची चिन्हं दिसत होती, शेठ म्हणाले पार्टीला कळवून टाका, मला डाऊट आहे माल लेट होणार. मी सरळ लिहिलं, ‘आय डाऊट द कंटेनर विल बी लेट’. तिकडून लगेच थँक्यू आलं, ग्रेट न्यूज म्हणे. आम्हाला वाटलं माणूस भलताच समजूतदार आहे. माल खरंच लेट झाला तेव्हा त्याचा फोन आला की तुम्हीच तर लिहिलं होतं लेट होणार नाही, आणि कागदावर तो बरोबर होता.

कारण असं आहे बघा, इंग्रजीत आय डाऊट म्हणजे ‘मला नाही वाटत’. आय डाऊट ही टूक द मनी म्हणजे त्यानं पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. आपल्याला म्हणायचं असतं त्यानंच घेतलेत, तर तिथं सस्पेक्ट लागतो, आय सस्पेक्ट ही टूक द मनी. एका शब्दानं माणूस सुटतो नाहीतर अडकतो. आमच्या कंटेनरला मात्र सस्पेक्टपण जरा जड झाला असता, तिथं ‘आय ॲम अफ्रेड द कंटेनर मे बी लेट’ हेच बरं, भीतीबिती काही नाही त्यात, वाईट बातमी हळू सांगायची पद्धत आहे. गंमत म्हणजे स्कॉटलंडकडं जुन्या वळणानं आय डाऊट इट विल रेन म्हटलं तर पाऊस येणार असाच अर्थ निघतो, अगदी आपल्यासारखा. पण आमची पार्टी स्कॉटलंडची नव्हती.

दुसरी चूक याच्यापेक्षा जास्त होते. पार्टीनं हळदीचा लॅब रिपोर्ट पाठवलेला, करक्यूमिनचा (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचा) आकडा आमच्यापेक्षा वेगळा. मला एवढंच विचारायचं होतं की टेस्ट कुठल्या पद्धतीनं केली, आणि मी लिहिलं ‘वुई हॅव डाऊट ऑन युवर रिपोर्ट’. समोरच्यानं वाचलं की तुमचा रिपोर्ट खोटा वाटतो. दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं, पुढं डिअर पण नव्हतं. विचारायचं असलं की साधं क्वेश्चन लिहा, नाहीतर कुड यू प्लीज क्लॅरिफाय. डाऊट क्लिअर करा हे क्लासमध्ये, आपापसात चालतंय, बाहेरच्या माणसाला लिहू नका. आणि खरोखर डाऊट असला तरी त्याच्यामागं ऑन लावू नका, अबाउट लावा. आय डाऊट यू तर कुणालाच लिहू नका, तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं.

क्वेरी हा शब्द पण जपून. आपल्याकडं ऑडिटवाल्यानं क्वेरी काढली की ऑफिसात सगळे गप्प होतात. इंग्रजीत नाम म्हणून तो साधाच आहे, क्वेश्चनचा जरा ऑफिसातला भाऊ, पण बिल क्वेरी केलं म्हटलं की बिल बरोबर आहे का याबद्दल आक्षेप घेतला असाच सूर येतो.

आणि एक फसवा प्रकार, नो डाऊट. आपण तो शंभर टक्के खात्रीसाठी वापरतो, इंग्रज माणूस बऱ्याचदा ‘बहुतेक’ अशा अर्थानं वापरतो. नो डाऊट यू आर टायर्ड म्हणजे दमला असशील बहुतेक. पेमेंट सोमवारी नक्की जमा होणार असेल तर नो डाऊट न लिहिता डेफिनेटली लिहा, किंवा विदाउट अ डाऊट.

आय ॲम डाऊटिंग शक्यतो नको, आय डाऊट बास. रिझर्व्हेशन्स म्हणजे दरवेळी रेल्वेचं तिकीट नाही, पार्टी लिहिते वुई हॅव सम रिझर्व्हेशन्स तेव्हा सौदा तिच्या मनाला पूर्ण पटलेला नसतो, मग दर परत बघायची तयारी ठेवा.

राहिला स्पेलिंगमधला बी. तो बोलायचा नाही. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हताच, पुढं पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून मध्ये घुसवला. उधारीच्या डेटमध्ये पण तसाच घुसवलाय आणि तिथंही तो गप्पच. आमच्या शेजारच्या गाळ्यातला अकाउंटवाला मात्र बी दाबून ‘डेब्ट’ म्हणतो, विचारलं तर म्हणतो वसुलीला जोर लागतो वो.