डेटाबेस सर्व्हरला एसएसडी घेताना आधी हे बघा

बॉक्सवरचा स्पीड सोडा, डेटाशीटमध्ये पॉवर लॉस प्रोटेक्शन लिहिलंय का ते बघा, म्हणजे अचानक लाइट गेली तरी आतल्या कपॅसिटरच्या जोरावर कॅशमधला, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतला, डेटा कायमच्या फ्लॅश मेमरीवर उतरतो. साध्या डेस्कटॉपवाल्या एसएसडीत हे बहुतेक नसतंच, मग एफसिंक, म्हणजे 'डेटा खरंच ड्राइव्हवर उतरव' ही डेटाबेसची आज्ञा, एकतर रडतखडत होतं नाहीतर ड्राइव्ह नुसताच 'झालं' सांगून मोकळा आणि कमिट केलेली, म्हणजे पक्की झालेली, एन्ट्री गायब! यूपीएस आहे म्हणून निवांत राहू नका, पॉवर सप्लाय पण उडतो की. नंतर एन्ड्युरन्स, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती लिहिता येईल ते. ९६० जीबीच्या ड्राइव्हला ५ वर्षं १ डीडब्ल्यूपीडी, म्हणजे रोज एकदा पूर्ण ड्राइव्हभर लिहायचं, असं धरलं तर साधारण १७५० टीबी होतात. रेडसाठी, म्हणजे तोच डेटा दोन ड्राइव्हवर ठेवायचा असेल तर, मात्र दोन्ही ड्राइव्ह एकाच बॅचचे शक्यतो नकोच.