शाळेची परसबाग : ऑक्टोबरची पेरणी, नजर भोगीच्या बाजारावर

शाळेच्या निधीसाठी भाजीपाला लावायचा असेल, तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. पावसाळ्यात वाफे तुंबतात, आणि मे महिन्यात शाळा बंद, पाणी द्यायला कोणी नाही. थंडीत कीड कमी, पाणी कमी लागते आणि भाजीला चवही येते. शिवाय या हंगामात हमखास विक्रीचा एक दिवस येतो, तो म्हणजे भोगी. संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला आणि आदल्या दिवशी भोगी. गाजर, वांगी, वाल, ओला हरभरा त्या दिवशी घरोघरी लागतो. म्हणून लागवडीच्या तारखा भोगीपासून उलट मोजत ठरवा.

एक गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट जागा पुरते. वाफा 3 मीटर लांब आणि 1 मीटरच रुंद ठेवा. त्याहून रुंद झाला की मुलांचा हात मधोमध पोहोचत नाही, मग ती वाफ्यात पाय ठेवतात आणि माती दडपते. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट सोडली तरी गुंठ्यात 18 वाफे सहज बसतात. पाच पालेभाज्यांना, चार गाजराला, चार वांग्यांना, पाच वालाला. हरभरा कुंपणालगतच्या पट्ट्यात.

शाळेच्या मैदानाची माती शेतासारखी नसते. मुरूम टाकून रोलर फिरवलेला असतो, बांधकामाचा चुना आणि विटांचे तुकडे पुरलेले असतात. आधी फूटभर खड्डा घेऊन पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर तिथे मुळे कुजणार. मुरूम काढून वाफ्यापुरती तरी चांगली माती आणून भरा किंवा जागा बदला. प्रत्येक वाफ्याला 15 किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेण अजिबात नको. त्यातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी येते, तण येते, आणि गाजराला फाटे फुटतात.

गाजर 1 ते 10 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरा. पुसा केसरसारखे वाण तीन महिन्यांत तयार होते. वाफ्याला जेमतेम 2 ग्रॅम बी लागते. ते चौपट बारीक वाळूत मिसळून, 30 सेंटिमीटर अंतरावरच्या छोट्या वरंब्यांवर अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि पेरणी फसते ती याच काळात. वरची माती एकदा वाळून कडक झाली की कोंब खालीच मरतो. ओले गोणपाट झाकून ठेवा आणि पहिला कोंब दिसताच काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे पडून लोळतात. तीन आठवड्यांनी विरळणी करून दोन रोपांत 5 ते 7 सेंटिमीटर ठेवा. मुलांना रोप उपटून टाकायचे जिवावर येते, पण दाटी ठेवली तर गाजर बोटाएवढेच राहते.

वांग्याचे बी आता टाकून उपयोग नाही. चांगल्या रोपवाटिकेतून 40 रोपे आणा आणि पहिल्या पंधरवड्यात 60 बाय 60 सेंटिमीटरवर लावा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फळे सुरू होतात. शेंडा अचानक मान टाकताना दिसला की आत अळी आहे हे नक्की. शेंडा दोन इंच खालून खुडून जाळा. झाडावर ठेवला तर तीच पिढी पुढे फळात शिरते.

वालाचे कोकण भूषण हे झुडपी वाण 15 ऑक्टोबरला 45 बाय 30 सेंटिमीटरवर टोकले की दोन महिन्यांत शेंगा मिळतात. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो. सुरुवातीलाच मावा लागलेले शेंडे काढा, मग 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. 500 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा आणि एकूण 10 लिटर करा. फवारणी मोठ्या माणसाने शाळा सुटल्यावर करावी. रासायनिक औषध शाळेच्या आवारात आणूच नका.

हरभरा ऑक्टोबरअखेर 30 बाय 10 सेंटिमीटरवर पेरा. महिन्याने शेंडे खुडले की भाजी मिळते आणि फांद्याही वाढतात. खुडणी सकाळच्या दहिवरात नको, पानांवरच्या आंबेने, म्हणजे आंबट द्रवाने, हात चुरचुरतात.

पालेभाज्यांचे गणित वेगळे आहे. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले की सगळे एकाच दिवशी काढणीला येतात. मग साठ-सत्तर जुड्या कोण घेणार? संध्याकाळपर्यंत त्या सुकतात. दर आठवड्याला एकच वाफा पेरा. मेथी 15 ते 20 ग्रॅम बियाण्यात होते आणि 25 ते 30 दिवसांत निघते. कोथिंबिरीला 20 ते 25 ग्रॅम धने लागतात. ते चपलेखाली रगडून दोन फाका करा आणि बारा तास भिजवून पेरा. काढणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. किराणा दुकानातले धने घेणार असाल तर आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बी सोडा. पाकिटातले रंगीत बी औषध लावलेले असते, त्याला मुलांचा उघडा हात लागू देऊ नका.

एका वाफ्यातून तीनएक किलो मेथी, म्हणजे 200 ग्रॅमच्या पंधराएक जुड्या धरा. यापेक्षा मोठा हिशेब मांडून पालकसभेत आकडे सांगू नका.

पाणी रोज चौरस मीटरला 5 लिटर, म्हणजे 18 वाफ्यांना सुमारे 270 लिटर. तांदूळ धुतलेले पाणी चालते. हात धुण्याचे साबणाचे पाणी केळीला किंवा शेवग्याला सोडा, पालेभाजीला नाही. दिवाळीच्या सुट्टीत गाजर नुकते उगवलेले आणि वांगी नुकती लागलेली असतात. शाळेजवळ राहणाऱ्या घरांची तारखांसकट यादी करा आणि वांग्यांच्या बुडाशी तीन इंच पाचट पसरा. फाटकाला कडी हवीच. बकरी एकदा आत शिरली की बाग अर्ध्या तासात साफ होते.

भोगीसाठी 40 पिशव्यांची नोंदणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आगाऊ घ्या. पिशवीत पाव किलो गाजर, पाव किलो वांगी, मूठभर वाल आणि ओल्या हरभऱ्याची एक जुडी. तीळ आणि बोरे बाजारातून आणून घातली तर पिशवी पुरी होते. वांगी आणि वाल आदल्या संध्याकाळी तोडून ओल्या फडक्याखाली ठेवा, गाजर मात्र पाल्यासकट सकाळीच उपटा. दर गावच्या बाजारात त्या दिवशी असेल तोच लावा. शाळेची भाजी म्हणून फार स्वस्त विकली, तर शेजारी बसणाऱ्या भाजीवालीचे नुकसान होते.

पेरणीआधीच शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा : कोणते वाफे पोषण आहारासाठी, कोणते विक्रीसाठी, पैसे कोणत्या खात्यात आणि खर्च कशावर. रोजची विक्री सातवी-आठवीच्या मुलांनी वहीत लिहावी आणि शिक्षकांनी त्याच दिवशी सही करावी.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर कोथिंबीर पेरू नका, उन्हाने ती लगेच फुलावर येते. वालाची चार निरोगी झाडे न तोडता राखा. शेंगा झाडावरच वाळल्या की बी काढून राखेत घोळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहा.