घरच्या घरी इतिहास: आजीच्या आठवणीपासून सनावळीपर्यंत

मुलांना घरी शिकवायचे ठरवणाऱ्या पालकांना माझे पहिले सांगणे असे की, इतिहासाची सुरुवात घरातील सर्वांत वयस्क माणसाच्या आठवणीपासून करावी. सहा-सात वर्षांच्या मुलाला शतक म्हणजे काय ते कळत नाही. 'आजी तुझ्याएवढी होती तेव्हा' हे मात्र त्याला नेमके कळते.

अचलपूर तालुक्यातील आमच्या घरी हा अभ्यास रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवर चालतो. मुलांनी १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "तवा रेशनवर लाल मिलो भेटे, त्याचीच भाकर खाल्ली बाप्पा आमी." त्या भाकरीवरून बोलणे परदेशातून आलेल्या धान्याकडे, खडी फोडायला गेलेल्या बायांकडे आणि पुढे १९७७ मध्ये जिचा कायदा झाला त्या रोजगार हमी योजनेकडे गेले.

यासाठी एक वही करावी. डाव्या पानावर ऐकलेले लिहावे आणि उजव्या पानावर कागदावर सापडलेले: सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला. दोन्ही जुळले नाही तर काहीही खोडू नये, कारण खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. जुन्या दाखल्यांवर गावातल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जुलै असते. असे का, हा प्रश्न मुलांनीच विचारला पाहिजे. नाव घालताना गुरुजी अंदाजाने तारीख टाकत, हे कळल्यावर 'कागदावर आहे म्हणून खरे' हा समज लहानपणीच सुटतो.

'आपल्या वावरात पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच का?' या प्रश्नाला तर आम्ही अख्खा हिवाळा दिला. काळी जमीन हे उत्तर अपुरे आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, इकडच्या कापसाला भाव आला, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत असे. आबांनी तिचा प्रवास सांगितल्यावर ही सनावळी मुलांना पाठ करावी लागली नाही. गाविलगड इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला, हे मात्र चिखलदऱ्याला तटाजवळ उभे राहूनच सांगावे.

घरातले मोठे काही विषय टाळतात, विशेषतः जातीचे. तिथे पालकांनी गप्प बसू नये, असे माझे ठाम मत आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, हे मुलांना सांगावे आणि मग आपल्या गावच्या विहिरीवर कोण पाणी भरत असे, हे आजी-आबांना आदराने पण स्पष्ट विचारू द्यावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे गावच्या मुख्याध्यापकांशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तर आहेत. पुढे दहावीच्या प्रवेशासाठी १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून जन्मदाखल्यावरील नाव व तारीख आत्ताच तपासून घ्यावी.