फुलावर आलेल्या वेलीची पानं खुडताना या चुका टाळा

मृगात टोकलेल्या पडवळ, दुधी, भोपळ्याच्या वेली दीडेक महिन्यात मांडवावर चढतात, फुलं धरतात आणि नेमके तेव्हाच लोकांचे हात शिवशिवतात. "पानंच फार झालीत, फळाला जोर कसा मिळणार?" अहो, पानामुळेच तर मिळतो! साखर पान तयार करतं, फळ ती खातं. फळाच्या बगलेतलं पान म्हणजे त्याच्या तोंडचा घास. त्याला हात लावू नका.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात पुतण्या मुंबईहून आला होता. मांडवाला २३ पडवळं लोंबत होती. मोठी सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकाला मी दोऱ्याने खडे बांधले होते. मी बाजाराला गेलो आणि इकडे त्याने कुठलासा व्हिडिओ बघून, हवा खेळावी म्हणून, निम्मा मांडव मोकळा केला. "काका, बघा कसा उजेड आलाय!" चार दिवसांनी पाऊस उघडला, कडक ऊन पडलं. उघडी पडलेली पडवळं एका अंगाने पांढुरकी होऊन भाजली, बोटभर कोवळी होती ती टोकाकडून पिवळी पडून गळाली. गणपतीला हाताशी उरली ४. पोराने प्रेमाने केलं होतं, पण वेलीला व्हिडिओची घाई चालत नाही.

त्यावर शेजाऱ्यांनी युरिया टाकायला सांगितलं. ही दुसरी चूक. युरियाने पाला माजतो आणि फळं धरणं मागे पडतं. मी बुंध्याशी कुजलेलं शेणखत घातलं आणि तीन आठवडे वेलीला हात लावला नाही.

मग काढायचं काय? पिवळं पडलेलं, मातीला टेकलेलं आणि केवडा या बुरशीच्या रोगाने धरलेलं पान. केवडा ओळखायला पान उलटं करा: वर शिरांमध्ये कोनेदार पिवळे डाग, खाली करडी-जांभळट बुरशी. मी एका वेलीची एका वेळी दोन-तीनच पानं काढतो, तीही उघडीप असेल त्या दिवशी, सकाळी पानांवरचं पाणी सुकल्यावर, म्हणजे संध्याकाळपर्यंत जखम वाळते. भोपळ्याच्या पानाचा देठ पोकळ असतो. भर पावसात कापलात तर त्यात पाणी साचून कूज खोडापर्यंत जाते.

हाताने ओरबाडू नका, साल सोलवटते. एका वेलीवरून दुसरीवर जाताना कात्री पुसा. रोगट पाला आळ्यात टाकू नका.

भजीसाठी भोपळ्याची फुलं काढताना सगळी नर फुलं नेऊ नका. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो, नराच्या मागे नुसता दांडा. पाच-सहा नर तरी वेलीवर राहू द्या, त्यांच्या परागाशिवाय फळ धरत नाही. दुधी, पडवळ, शिराळं यांची फुलं संध्याकाळी उमलतात, त्या वेळी मांडवाखाली कात्री घेऊन शिरूच नका.