काल्पनिक ट्रेडचा वाद घालताना या चुका टाळा

जुलै उजाडला, की मेजर लीग बेसबॉलची ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची अंतिम मुदत, जवळ येते आणि ‘अमक्याच्या बदल्यात तमका’ अशा चर्चांना ऊत येतो. या वादांतून खेळाचे अर्थकारण फार चांगले समजते, म्हणूनच ते आकडेवारीचा एक रकाना पाहून उरकले जातात, तेव्हा मनस्वी चीड येते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खेळाडूवर संघाचा हक्क किती हंगाम उरला आहे, हे न पाहणे. साधारणपणे मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू संघाशी बांधलेला असतो. पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास, पुढची तीन लवादाच्या (वेतनावर एकमत न झाल्यास ते ठरवून देणाऱ्या पंचांच्या) चौकटीत आणि त्यानंतर तो मुक्त होतो. तेव्हा ट्रेडमध्ये खरी किंमत असते ती या उरलेल्या स्वस्त वर्षांची.

२०२२ च्या जुलैत, न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत न्यूयॉर्क यांकीज संघाच्या एका भक्ताने वॉशिंग्टन नॅशनल्सच्या हुआन सोटो या फलंदाजासाठी प्रस्ताव मांडला: करार संपत आलेले तीन अनुभवी फलंदाज आणि मायनर लीगमधले (मेजर लीगच्या खालच्या पातळीवरचे) दोन साधारण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. “पाच देतोय आणि एकच मागतोय, अजून काय हवं?” हे पालुपद जेवणाची पाने वाढली तरी थांबेना. वॉशिंग्टन नॅशनल्स तेव्हा तळाशी होते. संघ नव्याने उभारणाऱ्यांना मोसमाअखेर निघून जाणारे खेळाडू काय कामाचे, हा प्रश्न त्याने एकदाही स्वतःला विचारला नाही. २ ऑगस्टला सॅन डिएगो पॅड्रेसने सोटो आणि जॉश बेल यांच्यासाठी सी. जे. एब्रम्स, मॅकेंझी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट असे सहा जण दिले, तेव्हा पॅड्रेसलाच वेड लागले, असा निकाल देऊन तो मोकळा झाला. वास्तविक पॅड्रेसला सोटोचा तो उरलेला हंगाम आणि पुढचे दोन पूर्ण हंगाम मिळत होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी त्यालाच यांकीजकडे पाठवले, तेव्हा एकच हंगाम शिल्लक होता. सोटोने नुकतेच ३५ होमरन मारले होते, तरीही मायकेल किंग, ड्रू थॉर्प आणि आणखी तिघांच्या बदल्यात त्यांना सोटोबरोबर ट्रेंट ग्रिशमही द्यावा लागला.

माझी सवय अशी, की प्रत्येक नावापुढे उरलेले हंगाम आणि प्रत्येक हंगामाचे वेतन कागदावर लिहायचे, मगच फलंदाजीच्या आकड्यांकडे वळायचे. शिवाय आधी समोरच्या संघाच्या बाजूने भांडायचे. तिथून होकार निघत नसेल, तर प्रस्ताव मोडीत काढायचा. ट्रेडचे मूल्य सांगणारे तयार कॅल्क्युलेटर नवख्यांनी सुरुवातीला दूरच ठेवावेत, कारण बेरीज जुळली की विचार करणे थांबते.

दुसरी चूक म्हणजे निकाल कळल्यावर शहाणपण शिकवणे. १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने डॉयल अलेक्झांडर या पिचरसाठी वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटा ब्रेव्ह्जला दिला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात) गेला, म्हणून हा सौदा मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. पण अलेक्झांडरने त्या मोसमात टायगर्ससाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही आणि संघाने आपला विभाग जिंकला. ट्रेड तोलायचा तो त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर.

नो-ट्रेड कलम, म्हणजे ट्रेडला नकार देण्याची करारातली मुभा, विसरू नका: सोटोच्या सौद्यात आधी एरिक हॉस्मर जाणार होता, त्याने वॉशिंग्टनला जाण्यास नकार दिला, म्हणून व्हॉइट गेला. दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला तर कलमाशिवायही नकाराधिकार असतो.

आणि बास्केटबॉलच्या सवयीने पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवड (नवोदित खेळाडू निवडण्याची पाळी) प्रस्तावात घालू नका. स्पर्धात्मक समतोलासाठी दिलेल्या मोजक्या निवडी सोडल्या, तर बेसबॉलमध्ये ड्राफ्ट निवडींची अदलाबदल करताच येत नाही.