पक्ष्याचं जुनं चित्र आधी पाठीकडून बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात मी बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. घरात पक्ष्यांची सात जुनी चित्रं आहेत, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग हातानं रंगवलेली. पहिलं आणलं ते नीलकंठाचं. आईनं त्याला हातच जोडले. म्हणाली, "दसऱ्याले याचं दर्शन लय चांगलं, बापा." स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानं १७५८ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, तेही एलेझर अल्बिन या इंग्रज चित्रकाराच्या १७३१ सालच्या ग्रंथातलं चित्र आणि वर्णन आधाराला धरूनच.

असं चित्र घ्यायचं असेल तर आधी ते चौकटीतून काढून पालथं करायला सांगा. दुकानदार नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवा. ओल्या कागदावर पत्रा दाबून छापत, म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उमटतो. पाठीमागून बोट फिरवलं की तो लागतो. (शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांना हा दाब नसतो, तेवढ्यानं ती खोटी ठरत नाहीत.) जुन्या हिरव्या रंगात तांबं असतं. ते कागद खात जातं आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग दिसतो. नुकत्याच रंगवलेल्या चित्रात असा डाग सहसा सापडत नाही. मग दहापट भिंग घेऊन पुढची बाजू बघा. रंग कुठं रेषेबाहेर गेलेला, कुठं काठाशी साचलेला दिसला पाहिजे. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आजची छपाई.

चौकट मात्र डोळ्यांसमोर करून घ्या. माझा एक खंड्या तालुक्याच्या गावी पांढऱ्या गोंदानं प्लायवूडवर चिकटवला गेला, तो आता कधीच सुटायचा नाही. अजून वाईट वाटतं. मी कुरडयांसाठी काढतो तसा गव्हाचा चीक घेतो, तो पाण्यात शिजवून पातळ खळ करतो आणि पातळ पण चिवट जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी चित्र फक्त वरच्या कडेला अडकवतो. खळ अगदी थोडी लावायची, कसर तिच्यासाठीच येते. मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा, आणि काच चित्राला टेकता कामा नये.

आपल्याकडे कागदाला उन्हापेक्षा कूलर जास्त छळतो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, आणि कूलरच्या खोलीत दमट हवा. कागद फुगतो, सुकतो, पुन्हा फुगतो, आणि शेवटी लाटा धरतो. म्हणून त्या खोलीत चित्र लावू नका. चुलीकडच्या भिंतीवरही नको: धुरातल्या गंधकानं शिशाचा पांढरा रंग काळा पडतो. पावसाची झड लागणारी भिंतही टाळा.

मृग लागला की मी सातही चित्रं उतरवतो आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटीत आडवी ठेवतो. दसऱ्याला सकाळी नीलकंठ भिंतीवर परत जातो, आईच्या खाटेसमोर.