गुडघा वाजला म्हणून बैठका सोडल्यात? या चुका टाळा

सकाळी घरात सामसूम असताना पहिलीच बैठक मारावी आणि गुडघ्यातून 'टक्' असा आवाज यावा, की स्वयंपाकघरातून निदान येतं, ''वंगण संपलं तुझं!''

हे निदान खरं मानणं ही पहिली चूक. गुडघा म्हणजे सायकलची चेन नव्हे. धडधाकट गुडघ्यातही ते वंगण, म्हणजे सांध्यातला द्रव, चहाच्या चमचाभरापेक्षा कमीच असतं आणि सांध्याचं अस्तर ते सतत बनवत असतं. त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला गेला, आतला दाब एकदम उतरला की पोकळी तयार होते आणि 'टक्' होतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी ही पोकळी बनताना दिसली.

आवाज कसला आहे हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येतं. एकदा वाजून गुडघा वीसेक मिनिटं गप्प बसला, तर बुडबुडा. दर बैठकीला ठरावीक जागीच 'खट्' होत असेल, तर बहुधा एखादा स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाच्या उंचवट्यावरून सरकतोय. आता तळहात गुडघ्याच्या वाटीवर ठेवून खुर्चीतून उठा. हाताला वाळू रगडल्यासारखी करकर लागली, तर ती वाटीमागची घासण. दुखत नसेल, सूज नसेल, तर यातल्या कशासाठीही व्यायाम थांबवायची गरज नाही.

आणि नेमका तोच आपण थांबवतो. मीही थांबवला होता. दोन महिन्यांनी आवाज तर तसाच होता, शिवाय तिसरा मजला चढताना मांड्या लटपटायला लागल्या. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत (गुळगुळीत, लवचीक आवरणात) रक्तवाहिन्या नसतात. गुडघ्यावर भार येतो आणि सुटतो तेव्हा ती स्पंजासारखी दबते, फुलते आणि सभोवतालच्या द्रवातून पोषण घेते. गुडघा 'जपून' ठेवला की मांडीचा स्नायू आधी सुकतो आणि वाटीला सरळ रुळावर ठेवण्यात त्याचाच मोठा वाटा असतो.

खरी गडबड बैठकीच्या पद्धतीत सापडते. आरशासमोर उभं राहून बघा. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का? टाचा उचलून, झोका घेत, पहिल्याच दिवशी पन्नास मारताय का? (आखाड्यातल्या पैलवानाचं सोडा, त्याचा सराव लहानपणापासूनचा असतो.) मागे खुर्ची ठेवा. टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या दिशेने, मनात तीन मोजत खाली जा, बूड खुर्चीला टेकलं की वर या. दहाच करा. तेही जड जात असेल तर पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्या, ती पाच सेकंद दाबा, सोडा. गुडघे बोटांच्या जरा पुढे गेले तर आकाश कोसळत नाही. ती भीती उगाच पसरली आहे.

तेलाने चोळल्यावर बरं वाटतं, जरूर चोळा. पण ते तेल सांध्यात झिरपत नाही. नी कॅप दिवसभर चढवून ठेवण्यातही अर्थ नाही. आणि मुद्दाम गुडघा वाजवून 'मोकळा' करायची सवय असेल, तर ती सोडा.

काही वेळा मात्र थांबायचंच. उडी मारताना किंवा वळताना मोठ्याने 'फट्' झालं आणि काही तासांत गुडघा सुजला, तो मध्येच अडकतो, पायातला जोर जाऊन एकदम दुमडतो, किंवा करकरीबरोबर जिना उतरताना दुखतं, तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. पहिल्या दोन प्रकारांत दिरंगाई नको. आणि जाताना सैल अर्धी चड्डी घालून जा. घट्ट जीन्स गुडघ्यापर्यंत सरकत नाही आणि नुसतं ''आवाज येतो'' म्हणण्यापेक्षा तिथेच एक बैठक मारून कुठल्या जागी दुखतं ते दाखवलेलं बरं.